गुरूची कडी दिसत नाहीत, मग ती आहेत हे कळले कसे?

वांगणीचा निशाचर (धागाकर्ता)

गेल्या अमावास्येच्या सुमारास आमच्या गटाने वांगणीला आकाशदर्शन ठेवले होते आणि आठ इंची दुर्बिणीतून गुरू दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. रांगेत सहावी-सातवीतली एक मुलगी होती. तिने गुरूवरचे दोन गडद पट्टे पाहिले, चारही चंद्र मोजले आणि विचारले, "शनीला कडी आहेत, मग याला का नाहीत?" शेजारच्या स्वयंसेवकाने "गुरूला कडी नसतात" असे सांगून टाकले. मी "आहेत, पण आपल्याला दिसत नाहीत" अशी दुरुस्ती केली, तर ती म्हणाली, "दिसत नाहीत, तर आहेत हे कोणी पाहिले?" मागे रांग खोळंबली होती, म्हणून "यानाने पाहिले" एवढे सांगून मी तिला पुढे पाठवले. उत्तर खोटे नव्हते, पण मी वेळ मारून नेली ही बोच राहिली आहे, म्हणून हा धागा.

मला ठाऊक आहे ते आधी मांडतो. सगळी अंतरे गुरूच्या केंद्रापासूनची आहेत, आणि खुद्द गुरूची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ७१,५०० किमी आहे हे ध्यानात ठेवावे. सर्वांत आत, साधारण १,००,००० ते १,२२,५०० किमीच्या दरम्यान, धुळीचे एक फुगीर प्रभामंडळ आहे. त्याच्या बाहेर १,२९,००० किमीपर्यंत मुख्य कडे आहे. ते त्यातल्या त्यात उजळ, जेमतेम साडेसहा हजार किमी रुंद आणि अतिशय चपटे आहे. त्यापलीकडे दोन तलम कडी आहेत. एक अमाल्थिया या उपग्रहाच्या कक्षेपर्यंत, म्हणजे सुमारे १,८१,००० किमीपर्यंत जाते, आणि दुसरे थीबीच्या कक्षेपर्यंत, म्हणजे सुमारे २,२२,००० किमीपर्यंत.

ही धूळ आली कोठून, ती अजून तेथे टिकली कशी, आणि १९७९ सालापर्यंत ती कोणालाच का दिसली नाही, हे मला त्या मुलीला समजेल अशा भाषेत सांगता यायला हवे. जाणकारांनी लिहावे.

जुनी कात्रणे

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण १९७९ च्या आधीही एक सुगावा लागला होता.

पायोनियर ११ हे यान डिसेंबर १९७४ मध्ये गुरूच्या अगदी जवळून गेले. गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या विद्युतभारित कणांची संख्या ग्रहाकडे जाताना वाढत जावी अशी अपेक्षा होती, आणि बव्हंशी तसेच घडले. परंतु ग्रहाच्या निकट एका ठिकाणी ती संख्या मध्येच घटली. कण कोणीतरी गिळत होते. मारिओ अकुन्या आणि नॉर्मन नेस यांनी १९७६ मध्ये असे सुचवले की तेथे एखादा अज्ञात उपग्रह किंवा कडे असावे. तो तर्क बरोबर होता, पण त्याने फार थोड्यांची खात्री पटली.

व्हॉयेजर १ च्या कार्यक्रमात कड्याच्या शोधासाठी मोठा वेळ मिळणे शक्यच नव्हते, कारण निकटतम भेटीच्या त्या दोन दिवसांतले मिनिट न् मिनिट कोणत्या ना कोणत्या निरीक्षणासाठी राखून ठेवलेले होते. तरीही ४ मार्च १९७९ रोजी, भेटीच्या आदल्या दिवशी, यान गुरूच्या विषुववृत्तीय प्रतलातून पार होत असताना एका छायाचित्राला जागा मिळाली. हा क्षण विचारपूर्वक निवडलेला होता. पातळ कडे वरून पाहिले तर त्यातून आरपार दिसते. कडेने पाहिले तर नजरेच्या रेषेत सगळी धूळ एकामागे एक येते आणि कडे त्यातल्या त्यात दाट भासते.

ते चित्र मी कित्येकदा पाहिले आहे आणि ते दिसायला अगदीच ओबडधोबड आहे. कॅमेरा ११ मिनिटे १२ सेकंद उघडा होता. तेवढ्या वेळात यान ७८ सेकंदांच्या आवर्तनाने मंदपणे डुलत होते, म्हणून पार्श्वभूमीचे तारे ठिपक्यांसारखे न उमटता मोडलेल्या केसांच्या आकड्यांसारखे वेडेवाकडे उमटले. मधून एक रुंद फिकट पट्टा जातो. तो रुंद दिसतो तोही या डुलण्यामुळेच, कारण एकच बारीक रेघ शेजारी-शेजारी अनेक वेळा छापली गेली. काळे ठिपके दिसतात ती कॅमेऱ्याच्या काचेवरची मोजणीची चिन्हे. कड्याची कडा त्या क्षणी यानापासून सुमारे १२,१२,००० किमी अंतरावर आणि गुरूच्या ढगांपासून ५७,००० किमी उंचीवर होती. निशाचर, त्या मुलीला पहिला पुरावा दाखवायचा असेल तर तो हाच, पण "यात कडे कुठे आहे?" असे ती विचारणार, याची तयारी ठेवा.

पुढचे काम व्हॉयेजर २ ने केले. पहिल्या चित्रानंतर हाताशी जेमतेम चार महिने होते. तेवढ्यात कड्यांसाठी निरीक्षणांची नवी मालिका आखली गेली, आणि १० जुलै १९७९ रोजी, यान गुरूला ओलांडून त्याच्या सावलीत शिरल्यावर, सुमारे साडेचौदा लाख किमी अंतरावरून त्याने मागे वळून पाहिले. जे कडे येताना जेमतेम जाणवत होते, ते आता लख्ख चमकत होते.

अनघड

वरचा शेवटचा परिच्छेद मला कळला नाही. यान दूर गेले, सूर्य गुरूच्या पलीकडे गेला, म्हणजे आपण कड्याच्या अंधाऱ्या बाजूला आलो असे मी समजत होतो. मग ते अधिक उजळ कसे दिसेल?

कवडसा

या प्रश्नाचे उत्तर देणे माझ्या सदस्यनामामुळे मला भागच आहे.

जुन्या कौलारू घरात दुपारी कौलातल्या फटीतून उन्हाची तिरीप जमिनीवर येते. खोलीच्या एका कोपऱ्यातून त्या तिरिपेकडे पाहिले तर फारसे काही दिसत नाही. आता जागा बदलून अशा ठिकाणी बसा की तिरीप तुमच्या दिशेनेच येत असेल, पण ऊन थेट डोळ्यांत जाणार नाही. लगेच हवेतला कण न् कण तरंगताना दिसू लागतो. धूळ तीच आणि ऊनही तेच. फक्त बसायची जागा बदलली. एसटीच्या पुढच्या काचेचेही असेच असते. गाडी उगवतीकडे तोंड करून निघाली की काच धुळीने इतकी पांढरी होते की चालकाला रस्ता दिसेनासा होतो, आणि वळणावर सूर्य पाठीशी आला की तीच काच स्वच्छ वाटते.

याचे कारण कणांच्या आकारात आहे. कणाचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे एखाद्या मायक्रॉनएवढा (मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल, तर तो आलेला प्रकाश मुख्यतः पुढच्याच दिशेला, थोडासा फाकवून, विखुरतो. दगडगोट्यांचे आणि डोंगरांचे वागणे उलट असते. सूर्य आपल्या पाठीशी असतो तेव्हा ते सर्वाधिक उजळ दिसतात, जसा पौर्णिमेचा चंद्र. त्यामुळे एखादे कडे सूर्य समोर ठेवून पाहिल्यावर एकाएकी उजळले, तर ते बारीक धुळीने भरलेले आहे असा निष्कर्ष थेट निघतो. व्हॉयेजर २ च्या त्या एका कटाक्षातून कणांचा आकार कळला तो असा.

आता निशाचर यांच्या प्रश्नाकडे. गुरू आपल्यापेक्षा सूर्यापासून पाचपटीहून थोडा अधिक दूर आहे, म्हणून पृथ्वीवरून त्याच्याकडे पाहताना सूर्य कायम आपल्या पाठीशीच असतो. गुरूवरून पाहिले तर सूर्य आणि पृथ्वी यांच्यातला कोन १२ अंशांच्या पुढे कधीच जात नाही. म्हणजे आपण पिढ्यान् पिढ्या खोलीच्या चुकीच्या कोपऱ्यात बसलेलो आहोत, आणि तो कोपरा सोडायचा तर यानच पाठवावे लागते. भरीला शेजारी खुद्द गुरूचा झगझगाट आहेच.

शंकेखोर

उपमा छान आहेत, पण माझी अडचण वेगळी आहे. युरेनसची कडी १९७७ मध्ये सापडली ती यान न पाठवताच. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता, आणि त्या पिधानाच्या आधी व नंतर ताऱ्याचा प्रकाश अनेकदा क्षणभर कमी झाला. अमेरिकी निरीक्षकांनी ते कायपर या उडत्या वेधशाळेतून टिपले. आपल्याकडे तमिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेत भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनाही प्रकाश घटल्याची नोंद मिळाली होती. प्रथम तो एखादा उपग्रह असावा असे त्यांना वाटले. गुरू तर युरेनसपेक्षा कितीतरी जवळ आहे आणि तोही ताऱ्यांसमोरून जातोच. मग हीच युक्ती गुरूला का लागू पडली नाही?

जुनी कात्रणे

कारण त्या युक्तीला अडवणारे काहीतरी लागते. युरेनसची कडी अरुंद आणि काळीकुट्ट असली तरी दाट आहेत. त्यांतले सर्वांत बाहेरचे मुख्य कडे ताऱ्याचा निम्म्याहून अधिक प्रकाश अडवू शकते. गुरूचे मुख्य कडे दहा लाखांतला जेमतेम काही भाग अडवते आणि तलम कडी त्याहूनही कितीतरी कमी. आपल्या वातावरणामुळे तारा लुकलुकतो, तेव्हा त्याचा प्रकाश याच्या हजारो पटींनी खालीवर होत असतो. त्या गोंधळात दहा लाखांतल्या काही भागांची घट सापडणे अशक्यच.

जमिनीवरून गुरूची कडी दिसतच नाहीत असे मात्र नाही. व्हॉयेजरच्या शोधानंतर त्याच वर्षी बेकलिन आणि विन-विल्यम्स यांनी हवाईतल्या मौना केआवरून २.२ मायक्रॉन या अवरक्त तरंगलांबीत कडे टिपले. त्या तरंगलांबीत गुरूच्या वातावरणातला मिथेन सूर्यप्रकाश शोषून घेतो आणि ग्रह बराच काळवंडतो, म्हणून शेजारची धूळ नजरेत येते. कुठे पाहायचे हे आधीच कळलेले होते, हेही खरे.

वांगणीचा निशाचर (धागाकर्ता)

कवडसा, चुकीच्या कोपऱ्यातल्या बैठकीची उपमा मी उचलणार आहे. पण मूळ प्रश्न बाकी आहे. एवढी बारीक धूळ तेथे अब्जावधी वर्षे टिकली असे मला वाटत नाही. मी एका ठिकाणी असे वाचले की गुरूच्या आयो या मोठ्या चंद्रावरचे ज्वालामुखी ती ओकतात. हे बरोबर आहे का?

मंदाकिनी_पुणे

आयोचा संबंध लावणे साहजिक आहे, परंतु या कड्यांपुरते ते चूक आहे. आयोतून निघणारी धूळ खरी आहे. युलिसिस हे यान १९९२ मध्ये गुरूजवळून गेले तेव्हा त्याला धुळीचे झोत सापडले, आणि पुढे त्यांचे मूळ आयोपाशी निघाले. पण ते कण मायक्रॉनचा शंभरावा भाग, इतके सूक्ष्म असतात. गुरूचे चुंबकीय क्षेत्र त्यांना सेकंदाला २०० किमीहून अधिक वेगाने बाहेर भिरकावून देते. ते आत येऊन कडी होऊन बसत नाहीत.

कड्यांची धूळ येते ती आतल्या चार लहान उपग्रहांतून. बाहेरून आत येताना त्यांचा क्रम थीबी, अमाल्थिया, ॲड्रास्टिआ आणि मेटिस असा आहे. अमाल्थिया जुना, ९ सप्टेंबर १८९२ रोजी बर्नार्ड यांनी लिक वेधशाळेच्या ३६ इंची दुर्बिणीतून तो डोळ्यांनी शोधला. (अवांतर: नेत्रिकेला डोळा लावून शोधलेला हा शेवटचा उपग्रह, त्यानंतरचे सारे छायाचित्रांतून सापडले.) उरलेले तिघे व्हॉयेजरच्या चित्रांतून मिळाले: मेटिस आणि थीबी सिनॉट यांना, ॲड्रास्टिआ जेविट आणि डॅनिएल्सन यांना.

आता घडते काय ते पाहा. सूर्यमालेत भटकणारे बारीक अश्मकण गुरूच्या ओढीने आत खेचले जातात. अगदी संथ निघालेला कणसुद्धा अमाल्थियाच्या कक्षेपर्यंत पडत येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३७ किमी झालेला असतो. साधे गणित आहे, करून पाहावे. या वेगाने तो उपग्रहावर आदळला की स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट माती उधळतो. आपल्या चंद्रावर असे झाले तर बहुतेक माती परत खाली पडते. पण ॲड्रास्टिआ फक्त वीस किमी लांब आहे. तेथून सुटायला सेकंदाला काही मीटरचा वेग पुरतो, म्हणजे शाळकरी पोराने फेकलेला चेंडूही परत येणार नाही. शिवाय तो गुरूच्या इतका जवळ आहे की गुरूची ओढच त्याच्या पृष्ठभागावरची माती सैल करत असते. म्हणून सर्वांत लहान उपग्रहाच्या वाट्याला सर्वांत उजळ कडे आले आहे. मोठ्या अमाल्थियाला स्वतःची बरीचशी धूळ धरून ठेवता येते, लहानग्याला येत नाही. या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

आणि ही धूळ टिकत नाही, हा निशाचर यांचा अंदाज अगदी रास्त आहे. सूर्यप्रकाशाच्या सूक्ष्म रोधामुळे आणि इतर कारणांनी कण हळूहळू आत सरकतात, झिजतात आणि शेवटी गुरूच्या वातावरणात जातात. जितकी धूळ खाली जाते तितकी वरून नवी येत राहते.

शंकेखोर

उपग्रह धूळ उधळतात हे शक्य आहे असे आपण दाखवलेत. प्रत्यक्षात तसेच घडते याला पुरावा काय? कड्याची बाहेरची कड उपग्रहाच्या कक्षेशी जुळते, एवढ्यावर मी समाधानी नाही. आतून येणारी धूळ उपग्रह अडवत असेल, तरीही कड तेथेच दिसेल.

मंदाकिनी_पुणे

आक्षेप योग्य आहे. त्याचे उत्तर गॅलिलिओ यानाने दिले, आणि ते कड्याच्या लांबी-रुंदीत नसून जाडीत दडलेले होते.

गॅलिलिओ डिसेंबर १९९५ मध्ये गुरूभोवतीच्या कक्षेत गेले. १९९६-९७ मध्ये त्याने गुरूच्या सावलीतून, म्हणजे कवडसा यांच्या बरोबर कोपऱ्यातून, कड्यांची चित्रे घेतली. त्यांचा अर्थ लावणारा बर्न्स, शोवाल्टर, हॅमिल्टन आदींचा निबंध १९९९ मध्ये आला. कडेने पाहिल्यावर तलम कडी बाहेरच्या टोकाला निमुळती होताना दिसली नाहीत, तर काड्यापेटीसारखी चौकोनी, एकात एक बसवलेली दोन खोकी दिसली. आणि प्रत्येक खोक्याच्या वरच्या व खालच्या कडा मधल्या भागापेक्षा अधिक उजळ होत्या. धूळ मध्यभागी दाट आणि कडेला विरळ असावी, असे आपल्याला वाटते. येथे उलटे होते.

अमाल्थियाची कक्षा गुरूच्या विषुववृत्ताशी सुमारे ०.३८ अंश कललेली आहे. म्हणजे तो प्रत्येक फेरीत प्रतलाच्या १,२०० किमी वर जातो आणि तितकाच खाली. थीबीचा कल सुमारे १.०८ अंश, म्हणून तो सुमारे ४,२०० किमी वर-खाली जातो. गॅलिलिओच्या चित्रांतून मोजलेली कड्यांची अर्धी जाडी या आकड्यांशी जुळते, आणि एकाशी नव्हे, दोन्ही कड्यांची दोन्ही उपग्रहांशी. उपग्रह नुसते बाहेरचे पहारेकरी असते, तर कड्याची जाडी त्यांच्या कलाएवढी असण्याचे काही कारण नव्हते. उपग्रहावरून सुटलेल्या कणाला मात्र तो कल वारशाने मिळतो. पुढे कक्षांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना फिरतात, कल तेवढाच राहतो, आणि त्यातून खोके तयार होते.

उजळ कडांसाठी एक घरगुती प्रयोग सांगते. एका दिवाळीत आमच्या माजघरातल्या झोपाळ्याला भावाने बारीक दिवा बांधला आणि खोलीत अंधार करून कॅमेरा काही सेकंद उघडा ठेवला. चित्रात प्रकाशाची एक कमान आली. मध्ये फिकट आणि दोन्ही टोकांना झळझळीत. झोपाळा टोकाशी क्षणभर रेंगाळतो आणि मधून झपकन जातो. धुळीचा कणही कक्षेच्या वरच्या व खालच्या टोकाशी असाच रेंगाळतो, म्हणून कोणत्याही क्षणी अधिक कण टोकांशीच सापडतात.

शंकेखोर

जाडीचा मुद्दा पटला. आक्षेप मागे घेतो.

अनघड

मग प्रभामंडळ एवढे फुगीर का? मुख्य कडे चपटे, आणि त्याला आतून लागून असलेली धूळ हजारो किमी वर-खाली पसरलेली. तेथे तर कललेला उपग्रह नाही.

कवडसा

तेथे चुंबकीय क्षेत्राचे काम चालते. ऊन आणि भोवतालचे इलेक्ट्रॉन यांच्यामुळे धुळीच्या कणावर विद्युतभार साठतो. गुरूचे चुंबकीय क्षेत्र ग्रहाबरोबर ९ तास ५५ मिनिटांत एक फेरी मारते, पण त्याचा अक्ष ग्रहाच्या अक्षाशी सुमारे १० अंश तिरपा आहे, म्हणून कणाला ते ठरावीक लयीत वर-खाली ढकलते. एरवी हे धक्के एकमेकांना खोडतात. मात्र केंद्रापासून सुमारे १,२२,००० किमीवर गुरूची दोन परिवलने होतात तेवढ्यात कणाच्या तीन प्रदक्षिणा पूर्ण होतात. मग झोपाळ्याला बरोबर वेळेवर झोका द्यावा तसे धक्के साठत जातात आणि आत सरकणारा कण प्रतलातून उसळून बाहेर येतो. मुख्य कडे संपते आणि प्रभामंडळ सुरू होते ते याच अंतरावर. असाच दुसरा टप्पा १,००,००० किमीच्या जवळ आहे, आणि त्याच्या आत धूळ वेगाने ओसरते. तज्ज्ञ याला लॉरेन्झ अनुनाद म्हणतात.

थीबीच्या बाहेरही धुळीची एक फिकट शेपटी पसरलेली आहे, तिच्यामागेही विद्युतभारच आहे. गॅलिलिओ नोव्हेंबर २००२ मध्ये आणि पुन्हा २१ सप्टेंबर २००३ रोजी, गुरूत कोसळण्यापूर्वी, प्रत्यक्ष तलम कड्यांतून गेले. त्याच्या धूलिमापकावर आदळलेल्या कणांवरून हॅमिल्टन आणि क्र्यूगर यांनी २००८ मध्ये असे दाखवले की उन्हातून गुरूच्या सावलीत जाताना कणाचा भार बदलतो, आणि त्यामुळे त्याची कक्षा लांबोळकी होऊन बाहेर ताणली जाते.

जुनी कात्रणे

धूळ कशी बनते हे झाले. ती काय नोंदवून ठेवते याचेही एक प्रकरण आहे. ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

गॅलिलिओच्या १९९६ आणि २००० मधल्या चित्रांत मुख्य कड्यावर फिकट-गडद अशा समांतर रेघा होत्या. बरीच वर्षे त्यांचा उलगडा झाला नाही. २०११ मध्ये शोवाल्टर, हेडमन आणि बर्न्स यांनी दाखवले की त्या रेघा म्हणजे कड्यावरच्या लाटा आहेत. कडे गोठ्याच्या छपरावरच्या पन्हळी पत्र्यासारखे झाले आहे. आता समजा, काही कारणाने सगळे कडे एकदम थोडेसे तिरपे झाले. गुरू मध्यभागी फुगीर असल्यामुळे ही तिरपी कक्षा स्वतःच हळूहळू फिरू लागते, आणि आतला भाग बाहेरच्यापेक्षा जलद फिरतो. त्यामुळे मूळचा साधा तिरपेपणा पीळ बसून सर्पिल लाट होतो, आणि काळ जाईल तशी लाट अधिकाधिक दाट होते. लाटांमधले अंतर मोजले की हा पीळ उलगडत मागे नेता येतो, आणि कडे कधी तिरपे झाले ती तारीख निघते.

मोठ्या लाटेची तारीख १९९४ च्या जुलै-ऑक्टोबरमध्ये पडली. १६ ते २२ जुलै १९९४ या दिवसांत शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळत होते. तुकड्यांबरोबरच्या धुळीच्या ढगाने जाता जाता कड्याला धक्का दिला आणि ते सुमारे दोन किमीने कलले. त्या आठवड्यात आम्ही गच्चीवर दुर्बीण झाकून ठेवून आकाश कधी मोकळे होते याची वाट पाहत होतो, आणि ऐन आषाढात ते काही मोकळे झाले नाही. सतरा वर्षांनी कळले की गुरूच्या कड्याने ती नोंद करून ठेवली होती. तेथे दुसरी, लहान लाटही आहे, आणि ती १९९० च्या सुमाराची निघते. त्या वेळी काय आदळले ते मात्र कोणी पाहिलेले नाही.

मंदाकिनी_पुणे

एक भर घालते, नाहीतर मुख्य कडे म्हणजे निव्वळ धूळ असा समज होईल. न्यू होरायझन्स हे यान प्लूटोकडे जाताना २८ फेब्रुवारी २००७ रोजी गुरूजवळून गेले आणि त्याने कड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहिले. सूर्य पाठीशी असताना मुख्य कड्यात ॲड्रास्टिआ आणि मेटिसच्या कक्षांजवळ अरुंद उजळ पट्टे दिसले. कवडसा यांच्या नियमाप्रमाणे तेथे धुळीपेक्षा मोठे दगडगोटे असले पाहिजेत. लहान उपग्रहांचाही कसून शोध झाला, पण अर्ध्या किलोमीटरहून मोठे नवे काही मिळाले नाही. म्हणजे धुळीचा पुरवठा मेटिस, ॲड्रास्टिआ आणि हे न दिसणारे गोटे मिळून करतात.

वांगणीचा निशाचर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. त्या मुलीच्या आईचा संपर्क आमच्या नोंदवहीत आहे आणि पुढच्या कार्यक्रमाला त्या दोघी येणार आहेत. दाखवायला एखादे असे चित्र आहे का, ज्यात कडे ओळखू येईल आणि मला अर्धा तास समजावत बसावे लागणार नाही?

कवडसा

दोन आहेत. पहिले जेम्स वेब दुर्बिणीचे, ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले. अवरक्त प्रकाशातला गुरू, दोन्ही ध्रुवांवर प्रकाशझोत, आणि आजूबाजूला ग्रहापेक्षा दहा लाख पटींनी फिकट असलेली कड्यांची बारीक रेघ. अमाल्थिया आणि ॲड्रास्टिआ हेही ठिपक्यांसारखे दिसतात.

मी तुमच्या जागी असतो, तर दुसरे दाखवले असते. जुनो हे यान २७ ऑगस्ट २०१६ रोजी गुरूच्या ढगांच्या अगदी जवळून, म्हणजे कडी आणि ग्रह यांच्या मधून गेले. दिशा ओळखण्यासाठी त्याच्यावर ताऱ्यांचा एक कॅमेरा आहे; त्याने आतून बाहेर पाहत एक चित्र घेतले. कड्यांच्या आत शिरून बाहेर पाहिलेले ते पहिलेच चित्र. त्यात मुख्य कडे फिकट पट्ट्यासारखे आडवे जाते. त्याच्या वर जो ठळक तारा आहे तो मृगातला काक्षी, आणि उजवीकडे खाली ओळीत असलेले तीन तारे म्हणजे मृगाच्या पोटातला बाण.

वांगणीचा निशाचर (धागाकर्ता)

हे फारच उत्तम. पुढच्या कार्यक्रमाला मृग चांगला वर आलेला असेल. आधी तिला आकाशातला बाण बोटाने दाखवतो, मग काक्षी, आणि त्यानंतर चित्र तिच्या हातात देऊन या दोघांच्या मधली रेघ कसली ते तिलाच विचारतो.